स्वस्तातलं अॅजिनकोर्ट: २८ मिमीचे सैनिक आणि मैदान करताना या चुका टाळा

२५ ऑक्टोबर १४१५ रोजी फ्रान्समधल्या अॅजिनकोर्टला इंग्रजांशी लढताना फ्रेंच सरदार ज्या चिखलात रुतले, तो छोट्या सैनिकांसह टेबलावर आणायला महागडं सामान लागत नाही. खोक्याचा पुठ्ठा, पांढरा फेविकॉल, वॉल पुट्टी, खराट्याचे हीर एवढ्यावर काम भागतं. माल स्वस्त असल्यानं सहसा काही बिघडत नाही. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन वस्तू एकत्र आल्या किंवा ओल्यावरच पुढचा थर चढवला, की बिघडतं.

थर्माकोलवर थेट स्प्रे

स्प्रे कॅनमधलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतं, त्यामुळे सुबक भिंतीला क्षणात खड्डे पडतात. एक्सपीएस शीटचंही (मणी नसलेला, दाट फोम) तेच. फेविक्विक आणि रबरी सोल्यूशनही फोम खातात, म्हणून चिकटवायला फेविकॉलच घ्या. मात्र दोन शीटच्या मधोमध हवा पोचत नसल्यानं तो दोन-दोन दिवस ओला राहतो. टूथपिक आरपार खुपसून वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. कापून आकार देणं चिकटवण्याआधीच उरका, कारण सुकलेल्या फेविकॉलच्या रबरी थरात पातं अडकतं. रंगापूर्वी फेविकॉल आणि काळा अॅक्रिलिक समान घेऊन, थोडं पाणी घालून, ब्रशनं दोन हात मारा. त्यानंतरही स्प्रे नकोच: भेगेत एखादी जागा सुटलेली असते आणि सॉल्व्हंट नेमकं तिथून आत शिरतं.

कापताना थर्माकोलचे मणी निघत असतील तर पातं बोथट झालंय. कटरचं टोक मोडून नवं काढा आणि एका दमात न कापता तीन-चार हलके हात ओढा. दगडी पोत हवा असेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा एक्सपीएसवर दाबा. थर्माकोलवर हा उपाय चालत नाही, तिथे मणीच दिसत राहतात.

हिरवंगार मैदान

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. लढाई झाली ती ताज्या नांगरटीवर, गव्हाची पेरणी झालेल्या पावसानं भिजलेल्या शेतात, दोन्ही बाजूंना रान. तिथे हिरवळ शोभत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या स्पंजनं भिजवा, पाच मिनिटांनी सोला; आतल्या नाळ्या म्हणजे तयार सऱ्या. पुठ्ठा ३ मिमी एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) चिकटवा. एमडीएफच्या मागच्या बाजूलाही फेविकॉल-पाण्याचा एक हात द्या, नाहीतर एकाच बाजूनं ओढ बसून तुकडा सकाळपर्यंत होडीसारखा वाकतो.

चिखलासाठी पुट्टी ३ भाग, फेविकॉल १ भाग, गडद तपकिरी रंग आणि श्रीखंडाइतकं दाट होईल एवढंच पाणी. थर २ मिमीहून जाड दिला तर भेगा पडतात, तेव्हा जाडी हवी असल्यास एका दिवसाच्या अंतरानं दोन थर द्या. डबक्यांची चमक म्हणजे ग्लॉस वार्निश. ते सगळ्यात शेवटी, मॅट (बिनचमकीचं) वार्निश सुकल्यावर, फक्त खड्ड्यांत. आधी लावलं तर मॅट त्यावर बसून चमक घालवतं.

दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून हिरवळ येते, पण ती चार दिवसांची. इथे बांधावरच्या गवताला चाळलेला लाकडाचा भुसा अॅक्रिलिक रंगात भिजवून दोन-तीन दिवस वाळवा. पानगळीसाठी चहाचा चोथा उत्तम, फक्त दुधा-साखरेच्या चहाचा असेल तर चार पाण्यांनी धुऊन कडकडीत वाळवा. नाहीतर आधी मुंग्या येतात, मग बुरशी.

उभे खुंट

घोडेस्वारांना अडवायला इंग्रज तिरंदाजांनी रोवलेले खुंट सहा फुटी, दोन्हीकडे टोकदार, म्हणजे २८ मिमी सैनिकांच्या १:५६ प्रमाणात जवळपास ३३ मिमी. हीर तेवढा कापा, ८ मिमी जमिनीत जाऊ द्या, टोक शत्रूकडे आणि सैनिकाच्या कंबरेच्या वर. सरळ उभे केले तर कुंपण दिसतं. तासलेलं टोक बुंध्यापेक्षा फिकट रंगवा.

सैनिकांचे रंग

रंगाचे पोपडे निघतात याचं पहिलं कारण साच्यातलं तेल. कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशनं घासून धुवा. १:७२ प्रमाणातले, थोडे लहान, मऊ प्लॅस्टिकचे सैनिक स्वस्त पडतात, पण भाले वाकले की रंग तडकतो. त्यांना प्रायमरआधी पातळ फेविकॉलचा एक हात द्या.

रंग जाड लावला की साखळी-चिलखताच्या कड्या बुजतात. २ भाग रंगाला १ भाग पाणी, दोन पातळ हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. पाणी जास्त झालं तर रंग कडेला गोळा होऊन वलयं उठतात. प्लेटच्या चिलखताला नुसता चंदेरी फासू नका, खेळण्यातलं दिसतं. गडद गनमेटल (काळपट धातूचा रंग), त्यावर काळसर-तपकिरी वॉश (खूप पातळ केलेला रंग), मग फक्त कडांना चंदेरी. वॉश खोलगट भागात साचला तर ओला असतानाच कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. सुकल्यावर डाग जात नाही.

तिरंदाजांचे कपडे राखाडी, मातकट, फिकट निळे, विटकरी ठेवा. गडद काळा रंग त्या काळी महाग, तो साध्या शिपायाच्या अंगावर खटकतो. इंग्रजांची खूण असलेला सेंट जॉर्जचा लाल क्रॉस पांढऱ्यावर, छातीवर आणि पाठीवर, दोन्हीकडे हवा. पाठ हमखास विसरली जाते. पांढऱ्यावर लाल रंग पारदर्शक पडतो, त्याखाली आधी विटकरी रेघ मारा.

निशाणाची दुसरी बाजू

इंग्रजांचा राजा पाचव्या हेन्रीच्या निशाणात पहिल्या आणि चौथ्या चौकटीत निळ्यावर तीन सोनेरी लिली, दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीत लालवर तीन सिंह. पहिली चौकट दोन्ही बाजूंना काठीलगतच येते आणि सिंहांची तोंडंही काठीकडेच असतात. त्यामुळे मागची बाजू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी करून छापा. प्रिंट लेझरची घ्या, इंकजेटची शाई फेविकॉलनं पसरते. दोन्ही बाजू फेविकॉलनं चिकटवून, ओलं असतानाच पेन्सिलीवर गुंडाळून लाटा द्या आणि कागदाच्या पांढऱ्या कडा रंगवा.

वार्निशचा पांढुरका थर

पावसाळ्यात मुंबई-कोकणात मॅट स्प्रे मारला की दमट हवेनं सैनिकांवर धुकं बसतं. त्या महिन्यांत ब्रशनं लावायचं अॅक्रिलिक वार्निश वापरा. बाटली दोन मिनिटं हलवा. मॅट करणारी पूड तळाशी बसते, न हलवता घेतलं तर पहिले सैनिक चकचकीत आणि शेवटचे खडूसारखे निघतात. धुकं बसलंच तर ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या, बहुतेक वेळा मूळ रंग परत दिसतो. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.