गावचा बसथांबा गजबजता कसा करावा

ग्रामसभेत बसथांब्याचा विषय निघाला की चर्चा थेट शेडवर येते. पत्रा घालायचा की कौलं, फरशी कुठली, उद्घाटनाला कोण, पाटीवर नाव कुणाचं. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीत पंच होते आणि आमच्या तिठ्यावरचा, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथला, थांबा नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं होतं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की शेडचा विचार सगळ्यात शेवटी करावा. थांब्यावर माणसं नुसती उभी नसतात. कुणी मासळी विकतं, कुणी पेपर वाचतं, कुणी सोयरीक जुळवतं. हे सगळं तिथे आधीपासूनच चाललेलं असतं. त्याला नीट जागा करून दिली की थांबा आपोआप भरतो.

सुरुवात वही-पेनाने करा. सकाळी सातच्या सुमाराला, दुपारी शाळा सुटताना आणि काळोख पडल्यावर, अशा तिन्ही वेळांना थांब्यावर जाऊन उभे राहा. एक दिवस शुक्रवारचा हवाच, कारण म्हापशाच्या बाजाराला जाणारी गर्दी वेगळी असते: हातात पिशव्या, डोक्यावर पाट्या, केळीचे घड. एक दिवस मुसळधार पावसाचाही हवा. कोण कुठे उभं राहतं, उन्हात कुठल्या झाडाखाली सरकतं, ओझं कुठे टेकवतं, कोण कुणाशी बोलतं, एवढंच लिहून काढा. शेजारच्या दुकानदाराला विचारायला विसरू नका, त्याने हे सगळं तुमच्यापेक्षा जास्त पाहिलेलं असतं.

या नोंदींतून पहिली गोष्ट कळते ती बस खरोखर कुठे थांबते ही. आपल्याकडे कदंब, म्हणजे सरकारी महामंडळाची बस, ठरलेल्या थांब्यावर थांबते, पण खाजगी बस माणसं दिसतील तिथे ब्रेक मारते. म्हणून कितीतरी ठिकाणी सुंदर शेड एकीकडे रिकामी आणि माणसं पन्नास पावलं पुढे वडाखाली, असं दिसतं. अशा वेळी माणसांना शेडकडे हाकलू नका, शेड माणसांकडे न्या. तिठा ओलांडून पुढे थांबा असला तर उत्तम. उतरलेली माणसं बसच्या मागून रस्ता ओलांडतात, त्यामुळे त्यांना येणारी वाहनं दिसतात. मोठी बस साधारण 12 मीटर लांब असते. तेवढी कडा तरी पार्किंगपासून मोकळी राहील असं बघा, नाहीतर बस रस्त्याच्या मधोमध उभी राहते. आणि वड तोडू नका. गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाड तोडायला परवानगी लागतेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याखाली कुणी बसत नाही, वडाखाली बसतात.

रस्ता कुणाचा हेही आधीच विचारून घ्या. राष्ट्रीय महामार्ग 66 ला लागून थांबा असेल तर पंचायतीच्या ठरावाने काहीच हलत नाही. इतर मोठ्या रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जावं लागतं.

आता ओझ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कुठल्याच नकाशात ते मला सापडलं नाही. आमच्या तिठ्यावर मासळी घेऊन येणारी एक मावशी पाटी डोक्यावरच ठेवून बसची वाट बघायची. बाकावर बसायला सांगितलं तर म्हणाली, "पाटी सकल दवरली जाल्यार माथ्यार कोण चडयतलो?" म्हणजे पाटी खाली ठेवली तर डोक्यावर कोण चढवणार? खरंच आहे. भरलेली पाटी जमिनीवरून एकट्याने उचलून डोक्यावर घेता येत नाही. त्यासाठी बाकाशेजारी छातीच्या उंचीचा, साधारण चार फुटी, दोन फूट खोल, चिऱ्याचा म्हणजे जांभ्या दगडाचा कठडा बांधला. पाटी सरळ डोक्यावरून कठड्यावर सरकवायची आणि बस दिसली की तशीच परत घ्यायची. कठड्याला मागच्या बाजूने थोडा उतार आणि एक छोटी पन्हळ दिली, म्हणजे मासळीचं पाणी गटारात जातं आणि बसणाऱ्यांच्या पायांत येत नाही. शेजारी नळ. खर्च नगण्य. पण त्या कठड्यापाशी मग नाचणीची, फुलांची, भाजीचीही पाटी टेकू लागली आणि वाट बघता बघता विक्री होऊ लागली.

बाक स्टीलच्या पाइपचे नकोत. उन्हात तापतात, पावसात निसरडे होतात, आणि त्यांच्यावर टेकल्यासारखं बसावं लागतं. आपल्या घरांसमोर असतो तसा सोपा, म्हणजे बसायचा कट्टा घाला, चिऱ्याचा, वर गुळगुळीत कोबा. उंची 45 सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, आणि एका टोकाला हात टेकून उठायला दांडा द्या. म्हाताऱ्या माणसांना बसण्यापेक्षा उठणं कठीण जातं. सगळे बाक एका ओळीत रस्त्याकडे तोंड करून लावले तर माणसं शेजारी शेजारी गप्प बसतात. काटकोनात लावले की समोरासमोर येतात आणि बोलणं सुरू होतं. मात्र बसलेल्या जागेवरून येणारी बस दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल तर कुणीही बसणार नाही, सगळे रस्त्याच्या कडेला माना लांब करून उभे राहतील. चाकाच्या खुर्चीसाठी सावलीत एक मोकळी जागा सोडा. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीच्या कडेसाठी 1.8 मीटर लांबी. कंत्राटदार ती हमखास आखडती घेतो, टेप लावून मोजा.

पावसाचं गणित वेगळं. गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर तो बहुतेक नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो. थांब्याची पाठ त्या दिशेला करता आली तर निम्मं काम झालं. रस्त्यामुळे ते जमत नसेल तर त्या बाजूला चिऱ्याची जाळी बांधा आणि छपराचा पुढचा भाग चांगला मीटरभर बाहेर काढा. भरीव भिंत घालू नका. जाळीतून वारा जातो, आतलं बाहेरून दिसतं, आणि संध्याकाळी एकट्या मुलीला आत उभं राहायला भीती वाटत नाही.

गाडो, फलक, पायलट

1970 च्या दशकात शहरांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसांचं निरीक्षण केलं. त्यांना आढळलं की माणसं तिथेच थांबतात जिथे बसायला जागा आहे, खायला काही मिळतं आणि आधीच दुसरी माणसं आहेत. आपल्याकडे ते काम गाडो करतो. मिरची भजी, चहा, रस-ऑम्लेट मिळणारा एक गाडा थांब्याशेजारी असला की उजेड असतो, राखण असते, आणि साखळी शहरातल्या कॉलेजातून उशिरा परतणाऱ्या मुलीच्या आईला काळजी कमी वाटते. म्हणून गाडा हटवण्याच्या ठरावाला मी कायम विरोध केला. त्याची जागा आराखड्यातच दाखवा: बस येते त्या बाजूला नको, धूर बाकांवर येणार नाही अशी, पाणी आणि कचऱ्याचा डबा जवळ. गावातल्या महिलांच्या स्वयंसाहाय्य गटाला विचारा, तोही गाडा चालवू शकतो.

फलक मोठा आणि टोचण्या मारता येतील असा लावा. जत्रा, कालो, फेस्त, नाटक, ग्रामसभेची नोटीस, कुणाच्या बाराव्याचं कळवणं, हे सगळं लोक कुठेतरी चिकटवणारच. फलक नसला तर खांबांवर. त्याच्या बाजूला काचेआड रोजचा मराठी पेपर उघडून लावला तर तिथे सकाळी हमखास चार डोकी जमतात. बसचं वेळापत्रक मात्र वेगळ्या पाटीवर, शेवटची बस ठळक अक्षरांत.

मोटारसायकल पायलटांना, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणाऱ्यांना, सावलीचा एक तुकडा द्या. बस चुकलेल्याला तेच घरी पोचवतात. कोकण रेल्वेच्या स्थानकांना हे जास्तच लागू होतं. 1998 मध्ये गाडी सुरू झाली तेव्हापासून थिवीला उतरलेल्या माणसाला म्हापसा गाठायला पुन्हा वाहन लागतं, त्यामुळे तिथे फलाटापेक्षा बाहेरचं अंगण महत्त्वाचं. रायबंदरच्या फेरी धक्क्यावर चोडण बेटावर जाणारे सगळे एकाच ठिकाणी वाट बघतात, तेव्हा तिथे गप्पा आपसूक होतात. सावली आणि बसायची जागा दिली तरी पुरे.

काम पूर्ण झाल्यावर जबाबदाऱ्या लेखी वाटून घ्या. झाडणं गाडेवाल्याच्या परवान्याच्या अटींत घाला. नळाची चावी आणि फलक वाचनालयाकडे द्या, दिव्याचं बिल पंचायतीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. मे संपायच्या आत कौलं, पन्हळ आणि गटार साफ झालं का, हे वॉर्डाच्या पंचाने स्वतः जाऊन बघायचं आणि झालं नसेल तर पुढच्या ग्रामसभेत त्याला सगळ्यांसमोर विचारायचं.