उतरलेलं वजन पुन्हा चढतंय? या चुका टाळा

लठ्ठ व्यक्तीने वजन उतरवलं की शरीर ते परत मिळवायला बघतं. पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, भूक जास्त लागते आणि ऊर्जा कमी खर्च होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात हे हार्मोन्स वर्षभरानंतरही पूर्ववत झालेले नव्हते. त्यामुळे वजन वाढू लागल्यावर ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ असं म्हणणं चूक आहे आणि घातकही. स्वतःला कोसणारा माणूस आधी वजनकाटा टाळतो, मग डॉक्टरांना.

काट्यापासून पळणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच. वजन वाढल्याचं कपडे घट्ट झाल्यावर कळतं, तोवर चार-पाच किलो चढलेले असतात. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करा. मीठ, बद्धकोष्ठता, मासिक पाळी यांमुळे एक-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर न जाता सात दिवसांची सरासरी काढा.

आणि कोणत्या आकड्याला काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन कमी केलेल्या ३१४ जणांपैकी काहींना रोज वजन करायला आणि रंगांचे पट्टे वापरायला शिकवलं होतं. चाचणी सुरू होतानाच्या, म्हणजे उतरलेल्या वजनापासून साधारण १.४ किलो वाढेपर्यंत हिरवा, त्यापुढे पिवळा, २.३ किलो वाढलं की लाल. पिवळ्यात खाण्याची नोंद पुन्हा सुरू करायची आणि कुठे सैल पडलं ते शोधायचं. लाल आला की वजन उतरवतानाची पद्धत परत लागू करायची. १८ महिन्यांनी नुसतं माहितीपत्रक मिळणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांचं वजन २.३ किलो किंवा जास्त वाढलं होतं. समोरासमोर प्रशिक्षण मिळालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. मात्र आकडा पाहून दिवसभर घालमेल होत असेल किंवा खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल, तर रोज वजन करू नका. किती वेळा करायचं ते तज्ज्ञांना विचारा.

‘आता गेलंच सगळं’

दुपारी ठरल्यापेक्षा जास्त खाल्लं जातं आणि मन म्हणतं, आजचा दिवस गेला, उद्यापासून बघू. खरं नुकसान त्या जेवणाने होत नाही, पुढच्या सहा तासांत होतं. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. एका जेवणात तेवढं जास्तीचं कुणी खात नाही. प्रायश्चित्त म्हणून रात्रीचं जेवण गाळू नका, कारण उपाशी राहिलं की दुसऱ्या दिवशी हात आवरत नाही. पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढंच. नंतर वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजले होते, आधी काय घडलं, मनात काय आलं. दोन-तीन आठवड्यांत तीच ती वेळ, तोच तो प्रसंग दिसायला लागतो.

मोघम संकल्प

‘कमी खाईन’ हा संकल्प ऐन वेळी उपयोगी पडत नाही. प्रसंग आणि कृती एका वाक्यात जोडा: ‘कामावरून आल्यावर उभ्याउभ्या खायला हात गेला, तर आधी कपडे बदलीन, मग ताटात वाढून, बसून खाईन.’ असं एकच वाक्य घ्या, ते अंगवळणी पडलं की दुसरं.

लक्ष्य गाठताच उपचार थांबवणं

इंग्लंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लठ्ठ महिलांना वर्तन आणि विचार बदलण्याचे उपचार मिळाले, वजनही उतरलं. पण उपचार संपल्यावर तीन वर्षांत बहुतेकींचं जवळजवळ सगळं परत आलं. म्हणून वजन उतरल्यानंतरही किमान वर्षभर, महिन्यातून निदान एकदा समुपदेशक किंवा आहारतज्ज्ञांची भेट ठरलेली हवी. सगळं ठीक चाललंय असं वाटत असतानाही ती रद्द करू नका.

थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवताच येत नाही, असं आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि तीन महिने चाललं असेल, तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. त्यावर आणखी कडक डाएट करू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. खाऊन मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर तीन महिने थांबायचं नाही.