घाटात रेंज नाही, तरी नवं रॉक

परतवाडा-धारणी हा माझा नेहमीचा रस्ता. घाट लागला की रेंज गुल, आणि ॲप सुचवणार ती तीच ती ऐकलेली गाणी.

आता रात्रीच वायफायवर डाउनलोड करून ठेवतो, ९६ केबीपीएस या हलक्या क्वालिटीवर. तासाभराचं संगीत साधारण ४३ एमबीत मावतं. एसटीच्या खडखडाटात त्याहून भारी क्वालिटी कोणाला कळते?

नवं शोधतो ते मात्र सोयरीक जुळवल्यासारखं: कोण कोणाकडचा, आधी कुठे होता? निर्वाणा या रॉक बँडचा ड्रमर डेव्ह ग्रोल. त्याने २००२ मध्ये क्वीन्स ऑफ द स्टोन एज या बँडच्या अल्बमवर ड्रम वाजवले. त्या बँडचा जॉश होमी आधी कायस नावाच्या बँडमध्ये होता. ही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली पोरं जनरेटर लावून उघड्यावर वाजवायची. होमी आपली गिटार बास गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडायचा, म्हणून तो जाड, घोगरा आवाज. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर असा जमतो! ॲपने हे मला कधीच सुचवलं नव्हतं.

अल्बम अख्खा घ्या, सुटी गाणी नको. आणि घाटाआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते.