जुनं घर आणि सोलापूरचा उन्हाळा: आधी छत, मग बाकीचं

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर गेला, की जुन्या घरातल्या माणसांना पहिला आठवतो तो एसी. माझं कळकळीचं सांगणं आहे, थोडं थांबा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली आग ओकत असतो. त्याच्याखाली एसी लावणं म्हणजे बिल वाढवणं. म्हणून सुरुवात छतापासून करा.

गच्चीला चुना

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. गच्ची खरवडून, झाडून, धुऊन घ्या आणि भेगा बुजवा. लोखंडी पिंपात आधी पाणी भरा आणि त्यात चुनकळी (न विरलेल्या चुन्याचे खडे) थोडी थोडी सोडा. चुनकळीवर पाणी ओतू नका. चुना विरताना उकळून उडतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवा आणि मुलं लांब हवीत. रात्रभर विरलेला चुना सकाळी गाळा, त्यात डिंकाचं पाणी किंवा थोडा फेव्हिकॉल घाला आणि दाट ताकाइतका पातळ करा. ऊन उतरल्यावर गच्ची किंचित ओली करून पहिला हात मारा, दुसरा हात दुसऱ्या दिवशी आडवा. भर उन्हात मारलेला चुना पटकन वाळतो आणि भुकटी होऊन निघतो.

पावसात चुना धुपतो, त्यामुळे हे दरवर्षी करावं लागतं. ऊन परतवणारा तयार पांढरा रंग महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. पत्र्यावर चुना धरत नाही. तिथं हा रंगच लावा.

माळवद आणि मातीच्या भिंती

माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल तर ते घाईनं पाडू नका. मातीचा जाड थर आणि रुंद भिंती ऊन आत यायला वेळ लावतात. गळतं तिथं पांढऱ्या मातीचा नवा थर, तोही जाणत्या गवंड्याकडून. अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नका. आतली ओल कोंडते, लोणा (पांढरे क्षार) धरतो आणि पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा द्या.

खिडक्या, पंखे, कूलर

सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करा. जुनी जाड सोलापुरी चादर बांधली तरी दुपारचं ऊन अडतं.

जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथं छान चालतो. मात्र समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. बोअरच्या पाण्यानं जाळीवर क्षार बसतात. टाकीतलं पाणी अधूनमधून बदला आणि क्षार सहन करणाऱ्या झाडांना घाला.

पाऊस साठवा

उजनी धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, हे आपण सगळे जाणतो. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी जमतं. पहिले एक-दोन पाऊस वाहू द्या, म्हणजे चुना आणि धूळ निघून जाईल. मग पाइपला गाळणी बसवून पाणी टाकीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. हे पाणी धुण्या-पुसण्याला वापरा.

सौरऊर्जा शेवटी

आधी वापर कमी झाला की कमी पॅनेलमध्ये भागतं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. अर्जाआधी चालू दर पाहून घ्या. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते ते सकाळी, दुपारी आणि चारनंतर बघा. गच्चीची गळती पॅनेल बसायच्या आधीच काढा, कारण नंतर त्याखाली हात घालता येत नाही. माळवदावर मात्र अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही पॅनेल चढवू नका.