थंडीत छोटा ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर आधी धूर बघा

डिसेंबर उजाडला की निफाड, पिंपळगाव, दिंडोरीच्या पट्ट्यात पहाटेचा पारा घसरायला लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर 5 अंशांच्या खाली नोंद झाली की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. नेमक्या त्याच सकाळी ब्लोअर, म्हणजे बागेत औषध फवारायचे यंत्र, ओढणारे 18 ते 28 एचपीचे छोटे ट्रॅक्टर शेडमध्ये घरघरत बसतात आणि मेकॅनिकचा फोन सारखा एंगेज लागतो. यातल्या बहुतेक ट्रॅक्टरांत मोठा बिघाड नसतो. आदल्या संध्याकाळची दोन-चार कामे तेवढी राहून गेलेली असतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पेटतो. थंडीत सिलिंडरची गार भिंत ही उष्णता ओढून घेते. ऑइल घट्ट झाल्याने इंजिन सावकाश फिरते, म्हणून उष्णता निसटायला आणखी वेळ मिळतो. त्यात बॅटरीचाही जोर गारठ्यात कमी झालेला असतो. लहान सिलिंडरात हवा थोडी आणि तिच्या मानाने भिंत जास्त, म्हणून मोठा ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये घेतो तिथे छोटा अडतो.

सुरू होत नसेल तर लगेच पुन्हा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारू नका. आवाज कसा येतोय आणि सायलेन्सरमधून काय निघतंय ते पाहा. अर्धे निदान तिथेच होते.

सेल्फ जड फिरतोय, लाइट मंद होतोय, नुसतेच टक-टक होतेय, तर दोष बॅटरी किंवा जोडणीत आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीवर मीटर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवतो. 12.2 म्हणजे ती निम्मी उतरली आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही तसेच असेल तर तिचे दिवस भरले. पण नवी बॅटरी आणण्याआधी टर्मिनल उघडून बघा. बागेतल्या ट्रॅक्टरवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) आणि गंधकाचे तुषार वर्षभर बसतात, जोडण्या आतून खातात. सर्वांत दुर्लक्षित असते ती बॅटरीच्या वजा टोकाकडून चासीला जाणारी अर्थची पट्टी. तिचा बोल्ट सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपर मारा आणि पुन्हा घट्ट आवळा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. बॅटरीची बुचे मात्र पक्की बंद ठेवा. नंतर व्हॅसलिन लावा. या कामाला खर्च जवळपास नाही आणि बॅटरी बदलूनही न सुटलेले दुखणे कित्येकदा इथेच सुटते.

सेल्फ झपझप फिरतोय, पण सायलेन्सरमधून धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. टाकीचा कॉक उघडा आहे का, स्टॉपची नॉब आत गेली आहे का, फिल्टरच्या भांड्यात पाणी दिसतेय का, ते बघा. रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी धरते आणि तळाशी बसते. म्हणून टाकी संध्याकाळीच भरून ठेवायची आणि फिल्टरचा ड्रेन सकाळी, ट्रॅक्टर हलवण्याआधी, थोडा सोडायचा. फिल्टर नुकताच बदलला असेल तर लाइनमध्ये हवा धरलेली असू शकते. ज्या ट्रॅक्टरला डिझेलचा हातपंप आहे तिथे फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारावा.

एक प्रकार फसवा आहे. ट्रॅक्टर सुरू होतो आणि थोड्या वेळात गुदमरून बंद पडतो. डिझेलमधले मेण गारठ्याने गोठून फिल्टरच्या कागदावर बसले की असे होते. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा 18 अंश आहे. प्रत्यक्ष डिझेल यापेक्षा बरे निघू शकते, पण पावसाळ्यात भरून ठेवलेला ड्रम जानेवारीत वापरणे हा जुगार आहे. तो ड्रम थंडीआधीच संपवा. अडलेच तर फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळा. इंजेक्शन पंपावर मात्र उकळते पाणी ओतू नका, आतले घट्ट बसवलेले भाग एकदम असमान फुगून पंप जाम होऊ शकतो.

आता तिसरी तऱ्हा. सेल्फ जोरात, सायलेन्सरमधून पांढरा धूर भकाभका, डिझेलचा वासही येतोय, पण इंजिन पकडत नाही. डिझेल पोचतेय, पेटत नाही. उष्णता कमी पडते आहे. कुबोटाच्या बी मालिकेसारख्या इंजिनांना ग्लो प्लग असतात, आपल्याकडे त्यांना हीटर म्हणतात. चावी हीटरवर धरून मॅन्युअलमध्ये दिले आहेत तेवढे सेकंद थांबणे, एवढेच इथे करायचे असते, आणि घाईत तेवढेच केले जात नाही. थांबूनही फरक पडत नसेल तर सगळ्या प्लगांना जोडणारी हीटरची पट्टी काढून घ्या. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला लावा आणि टोक एकेका प्लगला टेकवा. दिवा लागला नाही तो प्लग गेला. तीनातला एक गेला तरी उन्हाळ्यात कळत नाही, डिसेंबरात कळतो. सगळे दिवे लागले तर रिले आणि फ्यूज बघा. बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) इंजिनांना हीटर नसतोच. तिथे एअर फिल्टर स्वच्छ आणि सेल्फ तेज असणे याच्यावरच सगळे असते. दोन्ही ठीक असून धूर तसाच राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, तपासून घ्यावे लागेल.

ईथरचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रवाचा, स्प्रे हीटर असलेल्या इंजिनात मारणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली बोळा पेटवून ऑइल गरम करणारे अजूनही दिसतात. तिथे डिझेलची नळी, ऑइलची ओल आणि वायरिंग सगळे हाताच्या अंतरावर असते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका, पंपाला लागणारे वंगण त्याने कमी होते आणि निफाडच्या थंडीला त्याची गरजही नाही. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घ्या. जास्त घट्ट ऑइल म्हणजे जास्त चांगले, हा समज हिवाळ्यात महागात पडतो.

सेल्फ मारताना गिअर न्यूट्रल, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा दांडा) बंद, क्लच पूर्ण दाबलेला. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधले गार ऑइल घुसळायचे ओझे सेल्फवर येत नाही. एका वेळी 10 सेकंदांहून जास्त फिरवू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या.

दुसऱ्या बॅटरीवरून जोडायचे झाले तर आधी अधिक टोकाला अधिक टोक जोडा. मग चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाची वायर अडलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते.

आणि पहाटे साडेपाचला सुरू करायचा हट्ट खरेच हवा का? पानांवर दव असताना मारलेले औषध पातळ होऊन ओघळते. कडाक्याच्या थंडीत दव सुकल्यावर, वारा वाढायच्या आत ब्लोअर काढला तर फवारणीही नीट बसते आणि इंजिनावर ऊनही पडलेले असते.

सुरू झाल्यावर शेडचे दार उघडे असू द्या, धुराचा वायू जीवघेणा असतो. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही तर लगेच बंद करा. मग तीन ते पाच मिनिटे हलक्या रेसवर चालू द्या. पीटीओ कमी आरपीएमवर जोडून मग हळूहळू वाढवा, कारण ब्लोअरच्या पंपातले ऑइलही तितकेच गारठलेले असते.