वृद्धांचा छळ ओळखताना आणि मदत मिळवून देताना या चुका टाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील दर ६ व्यक्तींपैकी सुमारे एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. त्यांपैकी फार थोड्या प्रसंगांची वाच्यता होते, आणि जिथे होते तिथेही मदतीला धावून गेलेल्या माणसाच्या घाईमुळे प्रकरण हाताबाहेर गेल्याचे मी पाहिले आहे.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घरच्यांच्या देखत विचारपूस करणे. माझ्या ओळखीच्या एका आजोबांना कुणी "बरे आहात ना?" असे विचारले की ते आधी दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहत आणि मग "सगळे छान आहे" म्हणत. एकदा आम्ही दोघेच बाकावर बसलो असताना, बऱ्याच वेळाने, त्यांनी खिशातून श्रवणयंत्र काढून दाखवले. त्यातला सेल तीन महिन्यांपूर्वी संपला होता आणि नवा मागितला की ओरडा बसत होता. अंगावर एकही वळ नसलेल्या या माणसाचे बाहेरच्या जगाशी बोलणे अशा रीतीने बंद करण्यात आले होते. चष्मा, काठी, फोन किंवा औषधे अडवून ठेवणे हा छळच आहे.

म्हणून एकांतात भेटावे, भाषेची अडचण असल्यास घरातल्या माणसाला दुभाषी करू नये आणि प्रश्न साधे ठेवावेत. "घरात कुणाची भीती वाटते का?", "औषधे वेळेवर मिळतात का?", "मनाविरुद्ध कुठे सही करायला लावली का?" अशा प्रश्नांना उत्तर देणे सोपे जाते. "तुमचा छळ होतो का?" याला मात्र बहुतेक वेळा नकारच मिळतो, कारण आपल्याच अपत्याची बदनामी होईल, नातवंडे तुटतील किंवा आपल्याला घराबाहेर काढले जाईल, ही भीती छळाच्या भीतीहून मोठी असते.

दुसरी चूक केवळ जखमा शोधण्याची आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात, त्यामुळे प्रत्येक डाग मारहाणीचा नसतो. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा आपण तसा निष्कर्ष काढू नये. दोन्ही दंडांवर घट्ट पकडल्यासारख्या खुणा, मनगटांभोवतीचे वळ, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी इजा आणि उपचारासाठी नेण्यात केलेला उशीर या गोष्टी अधिक बोलक्या असतात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या टाचांवर आणि माकडहाडापाशी झालेले जुने व्रण, घटलेले वजन, दिवसभराची अकारण गुंगी यांमागे आजारही असू शकतो आणि हेळसांडही. तो निवाडा डॉक्टरांवर सोपवावा, पण आपली शंका त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावी. पैशांच्या बाबतीत खात्यातून अचानक निघालेल्या रकमा, इच्छापत्रातला घाईचा बदल आणि न वाचता सह्या केलेले मुखत्यारपत्र यांकडे लक्ष द्यावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची तक्रार "त्यांना काय आठवतंय" म्हणून उडवून लावणे हा तर अन्यायच आहे. तारीख चुकेल, नाव चुकेल, परंतु एखाद्याला पाहताच अंग चोरणे किंवा आंघोळीच्या वेळी घाबरून आक्रोश करणे याची दखल घ्यायलाच हवी. लैंगिक अत्याचारही याच मौनात दडलेले असू शकतात.

संशयिताला परस्पर जाब विचारणे किंवा दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणे हे धाडसाचे वाटते, पण आपण निघून गेल्यावर त्याची किंमत वृद्ध व्यक्तीला मोजावी लागते. भेटी बंद होतात, फोन काढून घेतला जातो. छळ करणारा अनेकदा पैशासाठी किंवा निवाऱ्यासाठी त्या वृद्धावरच अवलंबून असतो, हेही लक्षात ठेवावे. सेवा करून थकलेल्या माणसाला विश्रांती आणि मदत मिळायला हवी, यात शंका नाही; मात्र थकवा हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही.

जिवाला तत्काळ धोका असेल तर पोलिसांना आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवेला लगेच कळवावे. एरवी वृद्धांसाठीची हेल्पलाइन, रुग्णालयातील समाजसेवक, विधी सेवा केंद्र आणि पैशांचा प्रश्न असल्यास बँक, यांपैकी योग्य त्या ठिकाणी त्यांच्या संमतीने जावे. पाहिलेल्या गोष्टी तारखेसह, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, लिहून ठेवाव्यात. छायाचित्रे विचारूनच काढावीत आणि ती घरातल्यांच्या हाती लागणाऱ्या फोनमध्ये ठेवू नयेत. "कुणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण धोका वाढल्यास ते मोडावे लागते आणि विश्वासही जातो.

निर्णयक्षम व्यक्तीने मदत नाकारली तर तिच्यावर बळजबरी करू नये. ओळखपत्राची प्रत, औषधांची यादी, थोडे पैसे आणि रात्री-अपरात्री जाता येईल असे एक घर, एवढी तयारी तिच्यासोबत करून ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी न चुकता भेटत राहावे. त्या आजोबांनी समाजसेविकेशी बोलायला होकार दिला, तो माझ्या पाचव्या भेटीत.