यूएक्सचा मास्टर्स प्रोजेक्ट: मुलाखतींच्या ढिगातून निष्कर्ष कसा काढावा

यूएक्स (युझर एक्स्पिरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव) डिझाइनला मास्टर्स करणाऱ्याला सल्ले द्यायला सगळे टपलेलेच असतात. फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) शिक, पोर्टफोलिओ कर, केस स्टडी टाक. पहिल्या नोकरीसाठी हे ठीक आहे, पण प्रोजेक्ट त्यावर तरत नाही. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक तुमच्या देखण्या स्क्रीनवर एक नजर टाकतात आणि विचारतात, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" बहुतेक जण तिथे गप्प होतात. मी असे प्रोजेक्ट केलेत, पुष्कळांकडून करून घेतलेत. गाडी अडते ती जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी, म्हणून त्या टप्प्याला खाली भरपूर जागा दिली आहे. बाकीचे टप्पे कुणालाही जमतात.

१. विषय

"आरोग्यसेवेतला युझर एक्स्पिरियन्स" हा विषय नव्हे, ते अख्खं खातं झालं. "रोज चार-पाच गोळ्या घेणारी वयस्कर माणसं त्या गोळ्यांचा हिशेब कसा ठेवतात" हा विषय. शीर्षकात 'ॲप' शब्द घालू नका. तो आला की उत्तर आधीच ठरलं आणि संशोधन नुसतं त्याच्यासाठी साक्षीदार गोळा करत फिरणार.

२. वाचन, परवानगी, पद्धत

वाचलेल्या प्रत्येक पेपरची एक ओळ लिहा: कुणावर केला, काय दिसलं, काय सुटलं. 'काय सुटलं' हा रकाना भरला की लिट रिव्ह्यूचं, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचं, अर्धं काम झालं. एथिक्सचा फॉर्म (माणसांवर संशोधन करायच्या परवानगीचा) पहिल्या महिन्यातच भरा, कारण शंका काढून परत आलेला फॉर्म सगळं वेळापत्रक खातो.

पद्धतीच्या प्रकरणात डबल डायमंडची (डिझाइनच्या टप्प्यांची दोन चौकटींच्या रूपातली) आकृती काढून तिच्यावर तीन पानं लिहायची टूम आहे. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने ती २००५ च्या सुमारास मांडली आणि परीक्षकांना ती पाठ आहे. एका ओळीत उरका. उरलेल्या जागेत तुम्ही माणसं कशी निवडलीत आणि कुणाला मुद्दाम वगळलंत, ते लिहा.

३. मुलाखती

"तुम्ही सहसा काय करता?" असं विचारू नका. 'सहसा'चं उत्तर देताना माणूस स्वतःला शिस्तीचा करून सांगतो. "काल रात्रीची गोळी कशी घेतलीत, जेवण झाल्यापासून सांगा" असं विचारा. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये मांडलेली क्रिटिकल इन्सिडेंट पद्धत हेच सांगते: मत नको, घडलेला प्रसंग सांगा. वस्तू दाखवायलाही सांगा. गोळ्यांचा डबा हातात आला की माणूस वेगळंच बोलायला लागतो.

मुलाखती किती घ्याव्यात, यावर फार वाईट सल्ला फिरतो: "पाच युझर पुरतात." हा आकडा याकोब नील्सन आणि टॉम लँडाउअर यांच्या १९९३ च्या कामातून आला. एक युझर सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात, असं ते गणित. ते आहे तयार इंटरफेसमधल्या अडचणींचं. माणसांची आयुष्यं समजून घेण्याशी त्याचा संबंध नाही. एकसारख्या गटाशी बोलत असाल तर दहा-बारा मुलाखतींचा बेत ठेवा. शेवटच्या दोन-तीनमध्ये नवं काही निघालं नाही, तर ते तसं लिहा.

४. विश्लेषण

इथे बसा. हाताशी दोनशे पानांची ट्रान्सक्रिप्ट्स (शब्दशः उतरवलेल्या मुलाखती) असतात, सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि काहीच हाताला लागत नाही. मलाही या टप्प्याने घाम फोडला होता. मग माणूस काय करतो? भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावतो, त्यांचे गट पाडतो, गटांना 'सोय', 'विश्वास', 'वेळ' अशी नावं देतो, फोटो काढतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. हे विश्लेषण नाही, ही आवराआवर झाली.

चिठ्ठ्यांचे गट पाडण्याची ही रीत जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची. नेपाळमधल्या क्षेत्रकार्यात साठलेल्या नोंदींचं काय करायचं, या अडचणीतून ती घडली आणि १९६० च्या दशकात केजे पद्धत म्हणून पसरली. तिचा गाभा असा की गटांची नावं आधी ठरवायची नाहीत. नेमकं हेच विद्यार्थी उलटं करतात, कारण मुलाखतीची प्रश्नावलीच त्यांच्या डोक्यात गटांची यादी होऊन बसलेली असते.

आधी चिठ्ठ्या नीट करा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, शक्यतो त्या माणसाच्याच शब्दांत, कोपऱ्यात त्याचा क्रमांक आणि ट्रान्सक्रिप्टची ओळ: प६ (म्हणजे सहावी व्यक्ती), ओळ ११२. हा क्रमांक टाकायचा कंटाळा करू नका, पुढे सगळं त्यावर उभं राहतं. "अलार्मबद्दल नाराजी" अशी चिठ्ठी बाद. ती तुमची भाषा आहे, त्यांची नव्हे.

आता गट. समजा, भिंतीवर या चार चिठ्ठ्या आहेत:

"अलार्म वाजतो, मी बंद करते, आणि मग घेतली की नाही तेच आठवत नाही."

"सकाळची घेतली की मी स्ट्रिप पालथी ठेवतो."

"लेक फोन करून विचारते, घेतलीस का. मी हो म्हणते, उगाच तिला घोर नको."

"एकदा शंका आली म्हणून परत घेतली, चक्कर आली. तेव्हापासून शंका आली की घेतच नाही."

नवखा माणूस यांना चार खोक्यांत टाकतो: तंत्रज्ञान, सवयी, कुटुंबाचा आधार, विस्मरण. चार खोक्यांतून चार फीचर निघतात आणि शेवटी तयार होतं ते गोळीची आठवण करून देणारं ॲप. त्यासाठी मुलाखती घ्यायची गरजच नव्हती, ते घरबसल्या सुचलं असतं.

त्याऐवजी प्रत्येक चिठ्ठीला विचारा: या क्षणी या माणसाला काय कळायला हवं होतं? अलार्मवाल्या आजींना वेळ कळली होती. स्ट्रिप पालथी ठेवणारे आजोबा स्वतःसाठी खूण मागे ठेवतात. लेकीला फोनवर 'हो' मिळतं, पण तिच्यापाशीही पडताळा नाही. चौथ्या माणसाने तर शंकेची किंमत डोस बुडवून मोजायची असं ठरवूनच टाकलंय. चारही चिठ्ठ्या एकाच जागी येतात आणि गटाचं नाव होतं: "गोळीची वेळ मला कळते, घेतली की नाही हे मागाहून कळायला खूण उरत नाही."

हे नाव पूर्ण वाक्य आहे आणि त्या माणसाच्या तोंडचं आहे. एका शब्दाचं नाव मी कुणालाही ठेवू देत नाही. एका शब्दाशी कुणी भांडू शकत नाही, वाक्याशी भांडता येतं. एका गटात तीन ते सहा चिठ्ठ्या ठेवा. त्याहून फुगला तर आत दोन गट दडलेले असतात. कुठेच न बसणाऱ्या चिठ्ठ्या बाजूला लावून ठेवा, दडपून बसवू नका.

मग वाक्य तपासा. उलट बाजू कुणी समजूतदार माणूस मांडू शकेल का? "वयस्कर लोकांना सोपं डिझाइन हवं असतं" याच्या विरुद्ध कोण बोलणार? फेकून द्या. दुसरं, त्या वाक्याने तुमची एखादी लाडकी कल्पना पडते का? वरच्या वाक्याने नुसत्या आठवणीचं ॲप पडतं. काहीच पडत नसेल तर तुम्ही ठरवून आलेलंच पुन्हा लिहिलंय.

तिसरी तपासणी लोक हमखास टाळतात: विरुद्ध जाणारी चिठ्ठी शोधा. आठवड्याचा कप्प्यांचा डबा वापरणारे म्हणतात, "कप्पा रिकामा दिसला की झालं." म्हणजे खूण तिथे आहे, वाक्य टिकलं. पण एक आजी म्हणतात, "डबा मुलगा भरतो, कुठल्या कप्प्यात काय ते मला ठाऊक नसतं." आता खूण आहे आणि तरी खात्री नाही. ही चिठ्ठी लपवलीत तर परीक्षक ती परिशिष्टातून काढतीलच. ती घेऊन वाक्य बदला: खूण स्वतःच्या हाताने ठेवलेली असेल तरच भरवसा वाटतो का? तुमच्या प्रबंधातला बोलण्यासारखा मुद्दा हा.

"या मुलाखतींतून थीम्स (सूत्रं) समोर आल्या" हे वाक्य दिसलं की मी लाल शाई घेतो. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी थीमॅटिक ॲनालिसिसवरच्या २००६ च्या लेखातच बजावलंय की थीम्स आपोआप वर येत नाहीत, संशोधक त्या घडवतो. तेव्हा "मी हा गट असा केला, कारण..." असं लिहा.

ट्रान्सक्रिप्ट एआयला देऊन थीम्स काढून घेण्याबद्दल विचाराल, तर पहिली फेरी तरी हाताने करा. ते जे देतं ती बहुतेकदा वरची चार खोकीच असतात, फक्त सफाईदार भाषेत. शिवाय बोलणाऱ्याने ज्याला संमती दिलेली नाही, तिथे त्याचं बोलणं चिकटवणं हा एथिक्सचा भंग आहे.

५. कल्पना, प्रोटोटाइप

गटाच्या वाक्यावरून प्रश्न करा: "घेतलेल्या गोळीची खूण त्याच हालचालीत कशी उरेल?" मग भरपूर कल्पना काढा, त्यातल्या निम्म्या तरी स्क्रीनशिवायच्या असू द्या. पदवीच्या नावात इनोव्हेशन असेल तर पैसे कोण देणार आणि हे बनवणार कोण, यावर एक प्रामाणिक पान लागतं. प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, आधी कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा.

६. टेस्टिंग

ते पाच युझर आता वापरा. करायला काम द्या, मोठ्याने विचार करायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. एसयूएस (सिस्टिम युझेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं हे मोजणारी) प्रश्नावली घेणार असाल तर हिशेब नीट करा. दहा विधानांपैकी विषम क्रमांकांच्या गुणांतून १ वजा, सम क्रमांकांचे गुण ५ मधून वजा, बेरजेला २.५ ने गुणा. येणारा आकडा ० ते १०० मध्ये असतो, पण ते टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास धरतात, म्हणून ७० म्हणजे डिस्टिंक्शन असं समजू नका. पाच जणांवरून दशांश चिन्हापर्यंत आकडे छापणं तर हास्यास्पद दिसतं.

७. अहवाल आणि व्हायव्हा

एक तक्ता करा: डिझाइनचा निर्णय, त्यामागचं वाक्य, त्याखालच्या चिठ्ठ्यांचे क्रमांक. एखाद्या निर्णयापुढे क्रमांक नसेल तर तिथे 'माझा अंदाज' असं लिहा, त्याचे गुण कुणी कापत नाही. क्रमांक घातलेली ट्रान्सक्रिप्ट्स छापून, पानांना खुणा लावून व्हायव्हाला सोबत न्या. लॅपटॉपवर फाइल शोधत बसू नका. "प६ नेमकं काय म्हणाल्या?" असं विचारलं की ओळ ११२ लगेच काढता आली पाहिजे.